पार्बताबाई आणि बोकडाची कुऱ्हाड

नांदगाव पेठेकडं जाणाऱ्या सडकेवर, अमरावतीपासून दीड कोसावर, माळ्यांची सात-आठ घरं होती. त्यातली पार्बताबाई म्हणजे पोटच्या पोराला फासावर चढवणारी बाई, असं त्या भागात पुष्कळ वर्षं सांगत. सांगणाऱ्यांचं काय जातं! बसल्या जागी तंबाखू मळायची आणि दुसऱ्याच्या घरची लक्तरं वेशीवर टांगायची. तिच्या सुनेच्या पाठीवरचे वळ या साऱ्यांनी पाहिले होते. त्यातला एक जरी मध्ये पडला असेल तर शपथ. तेव्हा त्यांचं राहू द्या. झालं ते असं झालं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची, सन चौतीसच्या सुमाराची ही गोष्ट. पार्बताबाई तिशीत विधवा झाली. नवऱ्यामागं तीन एकरांचा मळा, एक विहीर आणि सात वर्षांचा गोवर्धन एवढं उरलं. तिनं पदर खोचला आणि स्वतः मोट हाकली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधावर झेंडू. डोक्यावर टोपली घेऊन ती अमरावतीच्या बाजारात बसायची, आणि तिच्याशी भावावरून हुज्जत घालायची कोणाची टाप नव्हती. अशी बाई एका माणसापुढं मात्र मेणाची होती. तो माणूस म्हणजे गोवर्धन.

गोवर्धनला बायको तिनं आपल्या भावाच्या घरचीच आणली. भाऊ किसनराव अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी राहायचा. त्याचंही भाजीचंच काम. त्याची पोर रुखमी, पोराच्या मामाची पोर, तेव्हा पहिला हक्क आत्याचा. किसनराव जरा कां-कूं करत होता. गोवर्धनचं डोकं तापट आहे हे त्याच्या कानावर होतं. पार्बताबाईनं भावाचा हात धरून सांगितलं, "किसना, परक्या घरी देऊन नाही राहिला तू. माया घरी तुई पोरगी म्हणजे माईच पोरगी." भावानं मान हलवली.

पहिल्याच वर्षी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून गोवर्धननं रुखमीच्या तोंडावर पितळी लोटा मारला. ओठ फाटला आणि वरचा एक दात पडला. पुढं त्याला कारण लागेना. विहिरीवर शेजारणीशी दोन शब्द बोलली म्हणून केसांना धरून उंबऱ्यापर्यंत ओढत आणली, तेव्हा वाटेतल्या खड्यांनी गुडघ्यांची सालटं निघाली. बैलांचा आसूड तर रोजचा. पार्बताबाई भिंतीपलीकडं बसून मेथीच्या जुड्या बांधायची आणि आसूड मोजायची. मार थांबला की पाट्यावर हळद वाटायची, तेल कोमट करायची आणि पोरीच्या पाठीला लावायची.

"आत्याबाई, माया बाबाले एक कागद धाडा ना," रुखमी एकदा म्हणाली.

"धाडतो. पन थोडा दम खाय पोरी. लेकरू झालं का सुधरते थो."

कागद गेला नाही. भावानं येऊन पोरगी परत नेली असती, चार लोकांत घराची शोभा झाली असती, गोवर्धनला दुसरी पोरगी कोणी दिली नसती. एवढा हिशेब तिच्या मनात होता, आणि तो तिनं कधी नाकारलाही नाही. ती दुष्ट नव्हती. पण घरात माणूस फोडून काढला जात असताना जी भिंतीपलीकडं जुड्या बांधते, तिला चांगली म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता सशांचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं सशांनी केलं.

अमरावतीच्या कॅम्पात खुशालराव नावाचे डॉक्टर होते. सरकारी नोकरी सोडून त्यांनी बंगल्याच्या मागच्या पडवीत प्रयोगशाळा थाटली होती. त्यांना वेड होतं डासांचं. मेळघाटाच्या पायथ्याची गावं हिवतापानं रिकामी होत होती, आणि तिथला कोणता डास माणसाला चावतो नि कोणता गुराढोरांना, हे त्यांना शोधायचं होतं. गोठ्यांतून, झोपड्यांतून डास पकडून आणायचे, त्यांची रक्तानं टरारलेली पोटं टिपकागदावर चिरडायची आणि ते रक्त कोणाचं ते ओळखायचं. ओळखायचं काम सशांकडं होतं. सशांना चारा लागायचा, आणि दर सोमवारी नि गुरुवारी लसूणघासाचा भारा अन् कोबीची पानं घेऊन जायचं काम पार्बताबाईकडं होतं.

सुरुवातीला तिला हा सगळा प्रकार भुताटकीचा वाटला. डॉक्टर माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी, ज्याला ते सीरम म्हणत, ते चार-चार दिवसांनी सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचे. सशाच्या अंगाला ते परकं. त्याच्याशी झुंजायला ससा आपल्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार करतो. महिन्याभरानं त्या सशाचं रक्त काढून त्याचं सीरम निराळं केलं, की त्यातली प्रतिद्रव्यं माणसाच्या रक्तातली प्रथिनं कुठंही भेटली तरी ओळखतात आणि धरून ठेवतात, मग ते रक्त वाळून खपली झालेलं का असेना. बारीक काचेच्या नळीत खाली सशाचं सीरम असायचं. त्यावर डागाचं पाणी हलकेच सोडायचं. ओळख पटली तर दोन्ही पाणी जिथं टेकतात तिथं पांढरं कडं उमटायचं. नाही पटली तर काहीच नाही. काही ससे माणसाच्या रक्तासाठी, काही बैलाच्या, काही बोकडाच्या. डॉक्टरांनी पिंजऱ्यांना रंगीत दोरे बांधले होते, पण पार्बताबाई त्यांना सरळ माणूसवाला, बैलवाला, बोकडवाला म्हणायची.

टोचताना ससा धरायला ती बसायची. एखादा ससा सुई लागताच तिच्याच मांडीवर हातपाय झाडत मरायचा. डॉक्टर हळहळत, आणि ती मेलेल्या सशाचे कान सरळ करून ठेवायची. चार वर्षांत तिनं शेकडो नळ्या पाहिल्या. कधी एकाच डासाच्या रक्तानं दोन नळ्यांत कडं यायचं. तेव्हा डॉक्टर म्हणत, "हा दोन घरी जेवलाय, पार्बताबाई. आधी बैल, मग माणूस." आणि ती हसायची, "लुच्चा हाये." पंडित चुकेल, पंच चुकतील, पण ससा चुकत नाही, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. घरी ती हे सांगायची तेव्हा गोवर्धन म्हणायचा, "बुढीचं डोकं फिरलं."

रुखमीच्या लग्नाला दोन वर्षं झाली त्या आषाढात, एका मंगळवारी, मळ्यातल्या निंबाखालच्या मरीमायला बोकड दिला. कापायचं काम गोवर्धनचं. एका घावात मान उतरली. रक्ताची पिचकारी त्याच्या छातीपर्यंत आली, धड दोनदा उठून पडलं. त्यांच्या घराण्यात एक रीत होती: देवीच्या बोकडाची कुऱ्हाड पाच दिवस धुवायची नाही, तिला हातही लावायचा नाही. हळद-कुंकू वाहून ती देव्हाऱ्याशेजारी खुंटीला टांगायची. पाच दिवसांच्या आत जो तिला हात लावेल त्याच्या घरात मढं पडतं, असं पार्बताबाईच्या सासूनं तिला सांगितलं होतं. पार्बताबाईनं ते रुखमीला सांगितलं, गोवर्धनला तर तो रांगत असल्यापासून ठाऊक. घरातलं माणूस त्या कुऱ्हाडीकडं बोट दाखवायलाही कचरायचं.

गुरुवारी ती घासाचा भारा घेऊन अमरावतीला गेली. दिवस कलायच्या आत परतली, तर घरात रुखमी नव्हती. गोवर्धन ओसरीवर भाकरीशी कांदा खात बसला होता. अंघोळ केलेली, केस ओले.

"रुखमी कुठी गेली रे?"

"पयाली अकोल्याले. बापाकडं. म्या दोन थापडा मारल्या त रुसली."

खरं सांगायचं तर पार्बताबाईला बरंच वाटलं. जाऊ दे, चार दिवस माहेरची भाकरी खाईल, असं तिच्या मनात आलं. तिनं चुलीवर तवा ठेवला.

शुक्रवारी सकाळी शेजारची मैनाबाई जळण काढायला नाल्याकाठच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीकडं गेली. तिथं कुत्री काहीतरी ओढत होती. ते रुखमीचं पाऊल होतं. लोकांनी गंजी उपसली. पोर पालथी पडली होती. मानेवर, केस जिथं सुरू होतात तिथं, एवढा खोल घाव की डोकं एका बाजूला लोंबत होतं. दुसरा घाव खांद्यात, तिसरा पाठीत. उजव्या हाताची दोन बोटं तुटून कातड्यावर राहिली होती, म्हणजे तिनं हात मागं नेला होता. पार्बताबाईनं ते पाहिलं आणि तिच्या तोंडून बैल हंबरल्यासारखा आवाज निघाला. ती तिथंच चिखलात बसली आणि ती तुटलेली बोटं जागच्या जागी लावायला लागली. बायांनी तिला ओढून बाजूला केलं.

गर्दी गोवर्धनवर तुटून पडली. काल मध्ये न पडणारे आज काठ्या घेऊन धावले. त्याचं कपाळ फोडलं, मुसक्या बांधून त्याला निंबाला आवळलं. कोणीतरी ओरडलं, "कुऱ्हाड पाहा! घरातली कुऱ्हाड रगतानं भरेल हाये!"

"थे बोकड्याचं हाये!" गोवर्धन किंचाळला. "मंगळवारचं! समद्यायनं पायलं ना! थे देवीची कुऱ्हाड हाये, तिले कोन हात लावते?"

पार्बताबाईच्या अंगात एकदम जीव आला. पोर गेली होती. ती आता येणार नव्हती. पण पोरगा होता. चोर, लुटारू, दारुडे, कोणीही असेल, आणि हे आंधळे लोक तिच्या पोराला फासावर देतील. त्याची मान वाचवणारी वस्तू खुंटीला टांगलेली होती. ती घरात गेली, कुऱ्हाडीला हात जोडले, ती फडक्यात गुंडाळली आणि बाहेर आली.

"मी जातो डाक्टरसायबाकडं," ती पोलीस पाटलाला म्हणाली. "बोकड्याचं रगत का मानसाचं, थे ससा सांगन. फौजदार येईस्तोवर याले कोनी बोट नाही लावायचं."

पाटील म्हातारा आणि समजूतदार होता. अमरावतीहून फौजदार यायला दुपार होणारच होती. त्यानं गावचा कोतवाल जानराव तिच्याबरोबर दिला आणि म्हटलं, "कुऱ्हाड याच्या नजरेतून हलली नाही पाहिजे."

ती निघाली तेव्हा निंबाखालून गोवर्धन म्हणाला, "माय, नको नेऊ. राहू दे थे." आवाज अगदी लहान पोराचा.

तिला वाटलं, पाच दिवस झाले नाहीत म्हणून तो भितो आहे. आज चौथाच दिवस. "देवीची माफी मी मांगतो बाप्पा," ती म्हणाली, "तू नको भिऊ." आणि दीड कोस ती जवळजवळ धावत गेली.

डॉक्टर खुशालरावांनी सगळं ऐकलं. त्यांनी आधीच बजावलं, "पार्बताबाई, माझ्या चाचणीला कोर्टात फार वजन नाही. सरकार कलकत्त्याहून तपासून आणतं. मी तुम्हाला फक्त सांगू शकतो."

"मले तेवढंच पाहिजे. मले पाटलाले सांगाले पाहिजे."

डॉक्टरांनी पात्याच्या मधोमधची खपली चाकूच्या टोकानं खरवडली, मिठाच्या पाण्यात भिजवली, गाळली. चार नळ्या मांडल्या. माणूसवाला, बैलवाला, बोकडवाला, आणि चौथीत नुसतं मिठाचं पाणी. पार्बताबाई समोर उकिडवी बसली. तिनं तोंडात पदर कोंबला होता. दहा मिनिटांनी बोकडवाल्या नळीत पांढरं कडं आलं, स्वच्छ, ठसठशीत. बैलवालीत थोडी धूसर रेघ. बैल नि बोकड दोघंही रवंथ करणारे, तेव्हा तेवढं व्हायचंच, हे तिलाही ठाऊक होतं. माणूसवाली नळी पाण्यासारखी निर्मळ.

तिनं कपाळ जमिनीला टेकलं. मग उठून बोकडवाल्या सशाच्या पिंजऱ्यात हात घातला आणि त्याला कुरवाळत हमसून हमसून रडली. "म्या म्हनलं होतं! माया गोवर्धननं नाही केलं. जानराव, पायलं ना तुमी?" जानरावला कड्याबिड्याचं काही कळलं नव्हतं, पण त्यानं जोरात मान हलवली. ती कुऱ्हाड गुंडाळायला लागली.

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सवय होती. ज्या डासाच्या पोटात बैलाचं रक्त निघे त्यात माणसाचंही आहे का ते पाहिल्याशिवाय ते वहीत लिहीत नसत. त्यांनी कुऱ्हाड उलटी केली. पात्याच्या भोकात जिथं लाकडी दांडा घुसतो, तिथल्या फटीत काळं काहीतरी साचलं होतं. त्यांनी ते सुईनं काढलं. पुन्हा चार नळ्या.

या वेळी पार्बताबाई उभीच होती, निघायच्या घाईत. बोकडवाल्या नळीत फिकट कडं आलं, बैलवालीत पुन्हा धूसर रेघ. ती ते पाहून मान हलवत होती तोच माणूसवाल्या नळीत दुसरं कडं उमटलं. आधी धुकं, मग रेघ, मग दुधासारखं पांढरं.

डॉक्टरांनी नळी उजेडाकडं धरली.

"डाक्टरसायब, हे बी जसं बैलाचं नि बोकड्याचं, तसं जवळचं-जवळचं असन," ती म्हणाली.

"नाही, बाई." तरी त्यांनी डागाचं पाणी आणखी पातळ करून पाहिलं, दहा पट, शंभर पट. बैलवालीतली धूसर रेघ गेली. माणसाचं कडं गेलं नाही.

"आनखी एकदा करा."

त्यांनी आणखी एकदा केलं. फटीच्या दुसऱ्या बाजूनं काढलं. कडं आलं.

"रुखमीचंच हाये का?"

"ते ससा सांगू शकत नाही. माणसाचं आहे एवढंच."

पार्बताबाईनं नळीकडं पाहिलं. दोन घरी जेवला, असं डॉक्टर म्हणायचे ते तिला आठवलं असणार, कारण ती हळूच म्हणाली, "आंधी बोकड, मंग मानूस." आणि तिच्या एकदम ध्यानात आलं की गोवर्धननं घरातला कोयता का घेतला नाही, विळा का घेतला नाही. ज्या पात्यावर आधीच रक्त आहे आणि ज्याला पाच दिवस कोणी हात लावत नाही, तेच त्यानं उचललं, आणि मागून वरचं ओलं रक्त पुसून टाकलं; फटीत शिरलेलं तेवढं राहिलं. रागाच्या भरात हे सुचत नाही. हे पोरगं विचार करून गेलं होतं, आणि ती घास विकायला निघण्याची वाट पाहत बसलं होतं.

परतीच्या वाटेवर सडकेला लागून एक पडकी विहीर होती. जानराव तिथं थांबला. तो काही ग्रंथ वाचलेला माणूस नव्हता, पण तिचं तोंड त्याला वाचता येत होतं.

"बाई," तो म्हणाला, "हे विहीर लय खोल हाये. गाळ बी लय. माया डोयात कचरा गेला, मी तिकडं तोंड करून उभा राहतो." आणि तो खरोखरच पाठ करून उभा राहिला.

कुऱ्हाड तिच्या हातात होती. ती नसली तर डॉक्टरांच्या सांगण्याला कोण विचारतं? कलकत्त्याला पाठवायला काहीच उरणार नव्हतं. हात जरा सैल सोडायचा, बस. पोरगा सुटला असता. ती काठावर गेली आणि खाली वाकली. आणि तिला जानरावची पाठ दिसली. डोळ्यांत काही न गेलेला माणूस, तोंड फिरवून, काही दिसत नसल्यासारखा. भल्या मनानंच फिरवलं होतं त्यानं. दोन वर्षं भिंतीपलीकडं ती स्वतः नेमकी अशीच बसली होती. तिला स्वतःचीच किळस आली आणि तिनं कुऱ्हाड छातीशी आवळली. मग ती सडकेवर आली.

"चाला," ती म्हणाली. "डोयात काही नाही गेलं तुमच्या."

मळ्यात फौजदार आले होते. गोवर्धनचे तळवे काठीनं सुजवले होते आणि जबानीवर अंगठा घ्यायला त्याचे हात सोडले होते. पार्बताबाईनं कुऱ्हाड फौजदारांपुढं धरली. "दोघायचं हाये," ती म्हणाली. "बोकड्याचं बी, मानसाचं बी."

गोवर्धन उठला तो सरळ आईवर. त्यानं एका हातानं तिचा गळा आवळला नि दुसऱ्यानं कुऱ्हाडीचा दांडा पिरगळला. ती सोडेना. त्यानं तिची बोटं एकेक करून मागं वळवली. दोन बोटं मोडल्याचा आवाज शेजारच्या बायांना ऐकू आला. तिचे डोळे बाहेर आले, जीभ दिसली, तरी मूठ उघडेना. "तुनं मारलं मले! सोन्यासारखं लपलं होतं! तुनं मारलं!" तो तिच्या तोंडावर ओरडत होता. पाच माणसांनी मिळून त्याला सोडवला तेव्हा त्याच्या नखांनी तिच्या गळ्याची कातडी निघून आली होती. आपल्या पोराचा हात दुसऱ्याच्या अंगावर कसा पडतो, हे त्या दिवशी तिला कळलं.

खटला अमरावतीच्या सेशन कोर्टात चालला. कलकत्त्याच्या अहवालातही तेच आलं: पात्यावर बोकडाच्या जातीचं रक्त, दांड्याच्या फटीत माणसाचं. पण खून करताना कोणी पाहिलं नव्हतं. गोवर्धनचे वकील भगवंतराव हुशार होते. त्यांनी पार्बताबाईला घरी बोलावून समजावलं, "बाई, रक्त माणसाचं आहे, पण कोणत्या माणसाचं ते सरकारला सांगता येत नाही. तुम्ही एवढंच म्हणा, की सोमवारी लाकडं फोडताना गोवर्धनच्या पायाला ती कुऱ्हाड लागली होती आणि भळाभळा रक्त गेलं. पायावर जुना वण आहेच. एक वाक्य. पोरगा घरी येईल."

ती रात्र-दिवस ते वाक्य घोकत राहिली. तुरुंगात भाकरी घेऊन गेली तेव्हा गोवर्धन तिच्या पाया पडला. गजांतून हात घालून त्यानं तिची ती वाकडी झालेली बोटं कुरवाळली. "माय, एवढं म्हन. मी बदलतो. शपथ." ती त्याला भाकरी मोडून भरवत होती आणि रडत होती. तो तिचा एकुलता एक होता, आणि कितीही केलं तरी तिला तो आवडत होता. हे मी लपवून ठेवणार नाही.

साक्षीच्या दिवशी अकोल्याहून किसनराव आला. पोरीच्या मयतीनंतर तो बहिणीशी एक शब्द बोलला नव्हता. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. पार्बताबाई पिंजऱ्यात उभी राहिली.

भगवंतरावांनी गोड आवाजात विचारलं, "सोमवारी, म्हणजे बोकड कापायच्या आदल्या दिवशी, आरोपीच्या पायाला ही कुऱ्हाड लागली होती. खरं ना?"

गोवर्धन तिच्याकडं एकटक पाहत होता.

"सांगा बाई. लागली होती की नाही?"

"नाही लागली."

भगवंतरावांचा चेहरा उतरला, पण ते मुरलेले वकील. त्यांनी लगेच मोर्चा वळवला. "ठीक. मग तुमच्या मुलानं सुनेला मारताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"थो घाव म्या नाही पायला. मी घरी नोयती."

"बस. खाली उतरा."

ती उतरली नाही. "त्याच्या पयलेचे समदे पायले, सायब," ती म्हणाली. "लोटा मारला, दात पडला, थे म्या पायलं. केसं धरून वढत आनली, थे पायलं. आसूडाचे फटके म्या मोजले. म्या तिले हळद लावली अन् म्हनलं, चूप राय. बापाले कागद धाड म्हने थे, म्या नाही धाडला." ती वळली आणि मागच्या बाकाकडं बघून म्हणाली, "किसना, म्या नाही धाडला. सशानं सांगतलं थे मले दोन वर्सापासून ठाऊक होतं."

कोर्टात कुजबूज झाली. जज्जसाहेबांनी दुभाष्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, याचा खुनाच्या पुराव्याशी थेट संबंध नाही, साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलावं. कारकुनानं टाक खाली ठेवला.

"लिवा," पार्बताबाई म्हणाली.

पट्टेवाला तिला उतरवायला पुढं आला. तिनं त्या वाकड्या बोटांच्या हातानं पिंजऱ्याचा कठडा धरला. "हे बी लिवा. त्याचं जे होईन थे होईन. पन माह्यं बी त्यात लिवा."

पट्टेवाल्यानं ओढून पाहिलं. मूठ सुटेना. शेवटी जज्जसाहेबांनी हातानं खूण केली. कारकुनानं टाक पुन्हा शाईत बुडवला आणि लोटा, दात, केस, आसूड, हळद, न धाडलेला कागद, एकेक करून सारं लिहिलं. मग नियमाप्रमाणं तिला वाचून दाखवलं. मागच्या बाकावर किसनराव तोंड झाकून रडत होता. ती मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकत राहिली, "बरोबर हाये" म्हणाली, आणि मग खाली उतरली.